थोरलीच्या पोटातले ओरखडे

बाबा: काखेत काचतोय. माणसाला हात असतात, हे हा कोट शिवणाऱ्याला कुणी सांगितलंच नसणार.

आई: कोट तोच आहे. तुम्ही वाढलात. हात वर करू नका, टाचणी लागेल.

बाबा: मग उद्या हात वर न करता पेटी उघडून दाखवू? साठ पोरं बसणार आहेत समोर.

आई: टेबल कमरेइतकं असतं. हात खालीच राहतात. श्वास सोडा.

बाबा: सोडला तर बटण तुटेल.

आई: तुटू दे, सुई-दोरा हातातच आहे माझ्या. चला, भाषण म्हणा. काल कुठवर आला होतात?

बाबा: पहिल्यापासून म्हणतो. "मुलांनो, पेटीतला आवाज येतो कुठून? तर भात्यातून. मागून भाता हलवला, की..."

आई: भात्यातून हवा येते. आवाज नाही.

बाबा: तेच म्हणतोय मी.

आई: तुम्ही आवाज म्हणालात. साठातलं एखादं तरी विचारणारच, मग नुसता भाता हलवला तर पेटी वाजत का नाही?

बाबा: एवढी अक्कल असते होय पोरांना?

आई: पोरांनाच असते. मोठी झाली की जाते. पुढे म्हणा. पितळेची पात.

बाबा: "तर हवा जाते सुरांच्या फळीकडे. सूर म्हणजे काय? पितळेचा एक तुकडा. त्याला मधोमध चीर. चिरेवर पितळेचीच एक बारीक पात. एका टोकाला घट्ट ठोकलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी. तुम्ही वरून बोट दाबलंत की खालचं भोक उघडतं. हवेला चिरेतून पळून जायचं असतं आणि पात आडवी येते. हवा तिला ढकलते, ती परत येते, हवा पुन्हा ढकलते. सेकंदाला शेकडो वेळा. ती थरथर म्हणजे आवाज."

आई: छान. मला वाटलं, थरथर विसरणार तुम्ही.

बाबा: "लांब पात, जाड आवाज. आखूड पात, बारीक आवाज." इथे माझ्या बहिणीचं उदाहरण देणार होतो.

आई: देऊ नका. ती दुसऱ्या रांगेत असेल. सूर लावायचा कसा, ते?

बाबा: "कानशीने पातीचं टोक घासलं, की टोक हलकं होतं, पात चपळ होते, सूर चढतो. मुळाशी घासलं, की पात लवते, सूर उतरतो."

आई: बरोबर. आणि घासणं थांबवायचं कधी?

बाबा: ते... ते कानाला कळतं.

आई: हं.

बाबा: हं काय?

आई: काही नाही. वळा जरा, पाठीमागून बघू दे.

ठकी: थोरलीला हात कुणी लावला?

बाबा: हळू! दचकलो ना. टोचली असती टाचणी.

ठकी: मागच्या खोलीत थोरलीची सुरांची फळी काढून बसलेय मी. उद्या शाळेत सगळ्यांसमोर उघडायची म्हणून ब्रशने धूळ काढत होते. मधल्या सप्तकातला धा मुळाशी चकाकतोय. ताजा घासलाय कुणीतरी.

बाबा: जुनंच असेल ते.

ठकी: बाबा, जुनं पितळ चहाच्या रंगाचं होतं. हे काल घासलेलं आहे. वाजवूनही बघितला. धा म्हणून दाबावा तर पंचमाकडे घसरलेला लागतो.

आई: एवढा उतरलाय?

ठकी: एवढा.

आई: अहो.

बाबा: सराव केला जरा. त्यात काय? गाण्याच्या शाळेच्या मोठ्या बाई स्वतः चालत आल्या, म्हणाल्या, तुमची पहिली पेटी, ही थोरली, अजून आमच्याकडे वाजते, साफ करायला पाठवते, मग मुलांसमोर एक सूर लावून दाखवा. नाही कसं म्हणायचं तोंडावर? म्हटलं, हात बसवून घ्यावा. चार हात मारले कानशीचे.

आई: चार?

बाबा: सात-आठ.

आई: डबाभर रद्दी सूर पडलेत कपाटात. त्यावर करायचा सराव. थोरली कशाला?

बाबा: रद्दीवर घासून काय कळणार?

आई: आणि थोरलीवर घासून काय कळलं?

ठकी: थांब आई. माझा धासाठी जीव जळतोय, पण मला विचारायचंय वेगळंच. हे भिंग घ्या बाबा. फळी अशी उन्हाकडे धरा. काय दिसतंय?

बाबा: सूर दिसतायत. चष्मा आत राहिलाय माझा.

ठकी: चष्मा डोक्यावर आहे. पातींवर जुने ओरखडे दिसतात का? केसासारखे बारीक?

बाबा: सूर लावला की ओरखडे राहतातच. त्यात नवल ते काय?

ठकी: कुठल्या बाजूला कललेत बघा. सगळे डावीकडे. एकूण एक. आणि तुमचे कालचे सात-आठ, ते उजवीकडे. मी मगाशी रद्दी सूर घेऊन स्वतः घासून बघितला. उजव्या हातात कानस धरली, की ओरखडा उजवीकडेच कलतो. काही केल्या डावीकडे कलत नाही.

बाबा: बरं मग?

ठकी: या पेटीत दोन हात आहेत. त्यातला एक तुमचा. तो कालचा.

बाबा: पूर्वी कारागीर असायचे दुकानात.

ठकी: नाव सांगा.

बाबा: कुणाचं?

ठकी: त्या डावखुऱ्या कारागिराचं.

आई: टोचली का टाचणी?

बाबा: नाही.

आई: मग उडालात का एवढे? ठके, चहा टाक जा. दूध झाकून ठेवलंय.

ठकी: चहा नको. आई, तुझ्या हातात सुई आहे ना, ती कुठल्या हातात आहे?

आई: सुईचं काय घेऊन बसलीस?

ठकी: मला आठवतं. दुपारी एक वाजला की शटर खाली. मी दारात आले की बाबा म्हणायचे, आत जाऊ नकोस, आई पेट्या पुसतेय. तीन तास पुसायची तू. आणि पुसताना एकच सूर वीस-वीस वेळा वाजायचा. मला वाटायचं, फार घाण असेल त्या सुरावर.

बाबा: लहान होतीस तू.

ठकी: आता अठ्ठावीसची आहे. दहा वर्षं तुमच्या शेजारी बसून लाकूड तासतेय, भाते चिकटवतेय. कुठल्या घडीतून हवा सुटते ते गाल लावून सांगते. तुम्हीच म्हणता, माझा भाता तुमच्यापेक्षा जास्त दम धरतो. पण सूर शिकवा म्हटलं की तुम्ही म्हणता, पुढच्या वर्षी. आईला म्हटलं की ती म्हणते, बाबांना विचार. दहा पुढची वर्षं होऊन गेली.

आई: आवाज कमी कर. बाहेर ऐकू जातंय.

ठकी: जाऊ दे. आणि मागच्या खोलीतला दिवा उजव्या भिंतीवर का ठोकलाय? मी त्या खुर्चीवर बसले की माझ्याच हाताची सावली कामावर पडते. मला वाटायचं, वायरमन वेडा होता.

बाबा: पुरे झाली तुझी वकिली. एवढा बाऊ करण्यासारखं काय आहे सूर लावण्यात? चार ओरखडे. खरी पेटी म्हणजे लाकूड, सांधे, भाता. तिथे माणसाचा घाम जातो. सूर लावणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ.

आई: काय म्हणालात?

बाबा: म्हणायची पद्धत असते अशी.

आई: पद्धत छान आहे. काढा कोट.

बाबा: टाचण्या आहेत अजून.

आई: काढा म्हणते ना. जपून काढा. ठके, ते तपासायचं खोकं आण, छोट्या भात्याचं. त्यात यांचा तो धा बसव, आणि शेजारच्या खाचेत त्याच्या जोडीचा. कापडात धरून आण, बोटाचा घाम लागू देऊ नकोस.

बाबा: आता हे काय काढलंस मधेच?

आई: डाव्या हाताचा मळ. तुम्ही ऐकायचं आणि सांगायचं, चढा कोणता. एवढंच.

(खोक्यातून दोन सूर एकामागून एक वाजतात. मग दोन्ही एकदम.)

बाबा: दुसरा.

आई: दुसरा चढा?

बाबा: म्हणजे... पहिला. पहिलाच.

आई: नक्की?

बाबा: तू नक्की म्हणून विचारलंस म्हणजे दुसरा असणार.

आई: अहो, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून सांगताय.

बाबा: तुझ्याकडे नको तर कुणाकडे बघू?

आई: पस्तीस वर्षं तुम्ही माझ्या तोंडाकडे बघूनच सांगताय.

ठकी: म्हणजे?

आई: गिऱ्हाईक समोर बसून म्हणालं, एवढा एक सूर आत्ताच लावून द्या, तर काय करायचं? मी पाणी द्यायच्या निमित्ताने बाहेर यायचे. चष्मा काढून पुसला, की यांनी ओळखायचं, जुळला. नाही पुसला, तर अजून घासायचं. चष्मा कपाळावर चढवला, म्हणजे हात आवरा, जास्त झालं.

ठकी: म्हणून कालपासून घरात चष्मा-चष्मा चाललंय! म्हणून तुला पहिल्या रांगेत खुर्ची!

आई: मधोमध. यांनी शाळेत निरोप पाठवलाय, आमच्या घरच्यांना लांबचं दिसत नाही म्हणून.

बाबा: हसू नकोस ठके.

ठकी: हसत नाहीये. मला रडावं की काय ते समजत नाहीये. बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही? दोन्ही एकदम वाजले तेव्हा केवढं वाव-वाव करत होते ते!

बाबा: मला एक आवाज ऐकू येतो. थोडा जाड. बास.

आई: दोन सूर जवळ आले, पण एक झाले नाहीत, की त्यांच्यात लाट उठते. जेवढं अंतर कमी, तेवढी लाट संथ. घासत जायचं, ऐकत जायचं. लाट लांबते, लांबते, आणि विरते. ती विरायच्या जरा आधी हात उचलायचा, कारण घासून पितळ तापलेलं असतं. गार झालं की सूर आपण होऊन केसभर चढतो.

ठकी: हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

आई: आत्ता सांगितलं ना.

ठकी: दहा वर्षं मी मागत होते आई.

आई: शिकवायचं तर आधी म्हणायला हवं, की मला येतं. ते म्हणायची सवयच राहिली नव्हती.

ठकी: कुणी मोडली सवय?

आई: या घरात येऊन तीन दिवस झाले होते. थोरली बांधून तयार होती आणि काही केल्या सुरात येत नव्हती. हे बिचारे दोन दिवस नुसते वाजवून बघत होते, कुठे घासायचं ते कळेना. मी माहेरी वडिलांच्या पेट्यांच्या दुकानात ऐकून-ऐकून शिकलेली, मला कोण शिकवणार? म्हटलं, द्या बघू. एका दुपारी अर्धी पेटी लावली. तुझी आजी दारात उभी. सूर काही तिने ऐकले नाहीत, हात बघितला. म्हणाली, वाद्याला डावा हात? बाहेर कळलं तर आपल्या दारात कुणी उभं राहायचं नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून एकला शटर.

ठकी: आजीला जाऊन वीस वर्षं झाली.

आई: हो ना. शटर मात्र अजून एकलाच पडतं.

बाबा: मी तेव्हा आईला म्हणालो होतो, असू दे म्हणून.

आई: पुटपुटला होतात. मी ऐकलं होतं. माझा कान चांगला आहे.

बाबा: मी चोरलं नाही गं तुझं काही.

आई: नाही चोरलंत. लोकांनी आणून दिलं, ते तुम्ही ठेवून घेतलंत.

बाबा: लोक म्हणायचे, काय कान आहे तुमचा! पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सांगणारच होतो. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा वाटलं, आता काय सांगायचं. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, असेलही. काल कानस हातात घेतली ती... तुझ्याशिवाय येतंय का, ते बघावं म्हणून. उद्या तुझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

आई: आणि?

बाबा: आणि धा बिघडला.

ठकी: वाचेल का गं तो?

आई: दाखव. मुळाशी पार कागद करून टाकलाय. टोकाला हलकेच घेतलं तर चढेल. पण तीन हात, फार तर चार. पाचवा फिरला तर पात मोडली. आणि नवीन पात बसवली तर थोरलीच्या तोंडात खोटा दात बसवल्यासारखं दिसेल. ऐकणाऱ्याला नाही कळणार. मला कळेल.

ठकी: मग आत्ता नको करूस. उद्या कर.

आई: उद्या?

ठकी: शाळेत. सगळ्यांसमोर. त्यांना एक बिघडलेला सूर लावून दाखवायचा होता ना? हा घ्या, मनापासून बिघडलेला.

बाबा: ठके!

ठकी: खोटं बोलतेय का मी? टेबलापाशी आई बसेल, पहिल्या रांगेत तुम्ही बसा. चष्मा पुसायचा तर पुसा, तिला काही फरक पडणार नाही.

आई: वेडी आहेस का? मी? साठ पोरांसमोर? डाव्या हाताने?

ठकी: साठातली पाच-सहा तरी डावखुरी असतील आई. घरी कुणीतरी त्यांच्याही हातावर चापट मारत असेल.

बाबा: लोक हसतील.

ठकी: कुणाला?

बाबा: मला. मलाच हसतील. दुसऱ्या कुणाला?

ठकी: हसू देत. दोन दिवस हसतील. तिने पस्तीस वर्षं शटरच्या आत काढलीत. आणि अजून एक सांगते, हे तुम्ही दोघंही बोलत नाही. आईचा डावा अंगठा सकाळी वळत नाही. कपाचा कान धरताना ती हात बदलते. मी बघते रोज. आणखी किती वर्षं आहेत त्या अंगठ्यात? तो अंगठा बसला की तुमच्या दुकानातून लाकडी खोकी जातील बाहेर, पेट्या नाही. कारण मला कुणी शिकवलंच नाही. का, तर घरात कुणाला येतं, हेच कुणी म्हणायचं नाही!

आई: झालं बोलून?

ठकी: नाही. उद्या तुम्ही हा कोट घालून त्या टेबलापाशी बसलात, तर मी तिथे येणार नाही. थोरली उचलून नेणार नाही. परवापासून भात्यालाही हात लावणार नाही. आता झालं.

आई: बाईला दम आहे. भात्यासारखा.

बाबा: तुझ्यावर गेलीय.

आई: माझ्यावर कुठली? मी पस्तीस वर्षांत एकदा तरी ओरडले का?

बाबा: तेच तर. साठवून तिला दिलंस.

ठकी: फोन वाजतोय. शाळेचाच आहे. हॅलो? हो बाई, मी त्यांची मुलगी बोलतेय... हो, थोरली तयार आहे. जवळजवळ... कार्ड? टेबलावर ठेवायचं? काय लिहिलंय म्हणालात?... "पेटी घडवणारे", बरं. आणि त्याखाली "सूर लावणारे". दोन ओळी आहेत?... दोन्हीकडे एकच नाव टाकू का, असं विचारताय. थांबा हं बाई, एक मिनिट. फोन ठेवू नका. बाबा.

बाबा: ऐकलं मी.

ठकी: काय सांगू?

बाबा: वरच्या ओळीत माझं नाव घाल म्हणावं. लाकूड माझं आहे. सांधे माझे आहेत. पस्तीस वर्षांत एक सांधा उकललेला नाही थोरलीचा.

आई: खरं आहे ते. नाही उकलला.

ठकी: आणि खालच्या ओळीत?

बाबा: फोन तिला दे.

आई: मला कशाला? तुम्ही सांगा ना काय ते.

बाबा: माझ्या तोंडाकडे बघू नकोस. मला त्यातलं कळत नाही.

ठकी: आई. बाई थांबल्यात.

आई: दे इकडे. ही सुई धर आधी... हॅलो. नमस्कार बाई. हो, येतंय ऐकू, नीट येतंय. खालची ओळ लिहून घ्या. थोरलीचे सूर मी लावलेत. नाही, चुकीचं नाही ऐकलंत तुम्ही, मीच. या दुकानातून गेलेल्या सगळ्या पेट्यांचे मीच लावलेत. उद्याही मीच लावीन. नाही, माईक-बिईक काही नको. फक्त टेबलावरचा दिवा उजव्या बाजूला ठेवायला सांगा. मी डावखुरी आहे.